तालुक्यावर क्लिक केलं की गावं उघडायला हवीत

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या सभासदांची माहिती ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे, तालुका, गाव आणि सभासद अशी तीन टेबलं. फॉर्मच्या डाव्या बाजूला तालुक्याशेजारी अधिकचं चिन्ह हवंय, ते दाबलं की गावं, गाव उघडलं की सभासद. त्यासाठी ट्री व्ह्यू (झाडासारखी फांद्या उघडणारी यादी) टाकला तर तालुके दिसतात पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, आणि गावं भरायला गेलं की ‘इनव्हॅलिड की’ अशी एरर. फॉन्ट चार वेळा बदलून झाला.
— एक वाचक, तासगाव

उत्तर: फॉन्टला सोडा, त्याचा काही दोष नाही. हा ट्री व्ह्यू ॲक्सेसचा स्वतःचा कंट्रोलच (फॉर्मवर ठेवायचा घटक) नाही, तो एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स नावाच्या फाइलमधून येतो, व्हिज्युअल बेसिक 6 च्या जमान्यातली फाइल, आणि तिला युनिकोड (सगळ्या लिप्यांची आजची सामाईक अक्षरपद्धत) कळत नाही. जपानीवाल्यांचं विंडोजचं लोकेल (भाषेची सेटिंग) बदलून कसंबसं निभावतं, देवनागरीला तसं जुनं कोडपेजच (युनिकोडआधीचा अक्षरसंच) नाही त्यामुळे आपल्या वाट्याला प्रश्नचिन्हंच. सरळ उपाय म्हणजे तालुका, गाव, सभासद तिन्ही टेबलांत रोमन नावाचा एकेक कॉलम वाढवा, झाडात ते दाखवा आणि मराठी नाव उजवीकडच्या सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आतला छोटा फॉर्म) ठेवा, तिथे ॲक्सेसचे स्वतःचे टेक्स्टबॉक्स असतात, देवनागरी व्यवस्थित दिसते.

आता एरर. प्रत्येक नोडला, म्हणजे झाडातल्या प्रत्येक नोंदीला, एक की म्हणजे ओळखखूण लागते, तुम्ही बहुतेक ऑटोनंबर (टेबल आपोआप देतं तो क्रमांक) तसाच दिलाय. नुसता आकडा त्याला चालत नाही, पुढे अक्षर हवं. पण सगळ्यांना एकच अक्षर लावू नका हां, तालुका 5 आणि गाव 5 दोन्ही असणारच, मग ‘की युनिक नाही’ म्हणून पुन्हा अडेल. तालुक्याला टी, गावाला जी, सभासदाला एस लावा. गावाचं नावच की म्हणून वापरायचा मोह होतो, पण वडगावं किती आहेत बघा आपल्याकडे! आणि आधी तालुके भरा मग गावं, कारण वरचा नोड नसेल तर ‘एलिमेंट नॉट फाउंड’.

सभासद मात्र फॉर्म उघडताना भरू नका, हजारो नोड एकदम भरायला लागलात तर फॉर्म उघडेपर्यंत काउंटरवरचा माणूस वैतागेल. प्रत्येक गावाखाली एकच खोटा नोड टाकून ठेवा म्हणजे अधिकचं चिन्ह दिसतं, आणि एक्स्पांड इव्हेंटमध्ये, म्हणजे फांदी उघडली की चालणाऱ्या कोडमध्ये, तो खोटा काढून त्या गावाचे खरे सभासद भरा. क्लिकसाठी नोडक्लिक इव्हेंट आहे, तो प्रॉपर्टी शीटमध्ये शोधत बसू नका, सापडणार नाही, कोड विंडोच्या वरच्या ड्रॉपडाउनमध्ये असतो. तिथे कीचं पहिलं अक्षर बघून टेबल ठरवा, उरलेल्या आकड्यावर सबफॉर्म फिल्टर करा.

खरं सांगू का, तीनच पातळ्या असतील तर मी झाड लावलंच नसतं, शेजारी शेजारी तीन लिस्टबॉक्स, तालुका निवडला की गावं, गाव निवडलं की सभासद. देवनागरी दिसते, ओसीएक्सची कटकट नाही. गटात उपगट, त्यात आणखी उपगट असं कितीही खोल जाणार असेल तर झाडाला पर्याय नाही. तरी झाडच हवं असेल तर शाखेतल्या मशीनवर ऑफिस कुठलं आहे ते आधी बघून घ्या, 2010 किंवा 2013 चं 64 बिट असेल तर हा कंट्रोल तिथे चालणारच नाही.