‘स्वस्तातली गोळी डुप्लिकेट हाय, मॅडम’

डिप्रेशनची महागडी गोळी सोडून जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय स्वस्तात, घेतली आणि त्रास उलटला, ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. त्यातली एक हकीकत सांगते, ओळख बदलून.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक टर्नर, पन्नाशीला टेकलेले. पूर्वी माझ्याकडे समुपदेशनाच्या चार बैठकांना येऊन गेले होते. यावेळी बायकोला घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “ओ मॅडम, ही स्वस्तातली गोळी डुप्लिकेट हाय. चार दिसांत झोप उडाली, हात थरथरत्यात, लेथवर उभं ऱ्हावंना.”

ओव्हरटाइम बंद झालेला, पोरीच्या डिप्लोमाची फी तोंडावर. गोळ्यांनाच महिन्याला साडेचारशे रुपये जात होते. म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांकडे जाणं थांबवलं. पाच महिने जुन्या चिठ्ठीवरच गोळ्या चालू. मग भाचा म्हणाला, जनऔषधी केंद्रात हेच औषध शंभराच्या आत मिळतंय.

मला खटकले ते चार दिवस. गोळी लागू पडत नसेल तर उदासी परतायला सहसा आठवडे जातात. दोन-चार दिवसांतच थरथर सुटली, की काहीतरी अचानक बंद झालंय का, हे मी आधी बघते.

“जुनी स्ट्रिप हाय का वहिनी?”

त्यांनी पर्समधून रिकामी पट्टी काढली. दोन्ही पट्ट्या टेबलावर पालथ्या ठेवून मी मोबाइलचा टॉर्च मारला. नवीवर एकच नाव : एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, म्हणजे डिप्रेशनचं औषध. जुनीवर त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ : क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणारं औषध. पुढच्या बाजूला नावाला ‘प्लस’ चिकटलेलं होतं ते यासाठी. भाच्यानं पहिली ओळ वाचली आणि दुकानात तेवढंच सांगितलं.

क्लोनाझेपाम महिनोन्‌महिने घेऊन एकदम तोडलं की झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. डोस ठरवणं माझं काम नव्हे, म्हणून तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ती ‘प्लस’ गोळी त्यांनी सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती दिली होती. त्यांनी क्लोनाझेपाम वेगळं सुरू करून टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरवलं. एस्सिटालोप्राम मात्र तेच, जनऔषधीचंच. “पैशाची अडचण मला कधी सांगितलीच नाही त्यांनी,” डॉक्टर म्हणाले. खरं आहे. पण चार बैठकांत मीही विचारलं नव्हतं, आणि विचारायला आम्हीच हवं. खिशात पैसे नाहीत हे डॉक्टरपुढं बोलायला माणूस किती लाजतो, हे आम्हाला ठाऊक असतं.

तरी टर्नरमामांच्या मनातला किंतू जाईना. “कंपनी बदलली की फरक पडणारच की.” मी विचारलं, “जॉब ड्रॉइंगच्या मापाला तंतोतंत येतोय का कधी?” “टॉलरन्समध्ये, म्हंजे ठरल्या फरकाच्या आत असला की पास.” जेनेरिकच्या चाचणीचंही तसंच. रक्तात उतरणारं औषध मूळ औषधाशी ताडून बघतात आणि त्या गुणोत्तराचा अंदाजपट्टा (खरं गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावं असा अंदाज निघतो, तो सगळा पट्टा) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. गोळीत वीस टक्के औषध कमी चालतं, असा याचा अर्थ लोक काढतात, तो चूक; ही मर्यादा रक्तातल्या मोजमापाच्या अंदाजाची आहे, गोळीतल्या औषधाची नव्हे. शिवाय त्यांची ती ‘ब्रँडेड’ गोळी तरी मूळ कंपनीची कुठं होती? एस्सिटालोप्राम आणलं डेन्मार्कच्या लुंडबेकनं. आपल्याकडचे बहुतेक ब्रँड म्हणजे नाव दिलेली जेनेरिकच.

सगळी भीती खोटी असं मात्र मी म्हणणार नाही. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर असलेल्या गोळ्यांत बनवण्याच्या पद्धतीतला फरक जाणवू शकतो. तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अदलाबदल नको. आणि पैसे वाचवायला दिवसाआड गोळी घेणं तर नकोच. त्यापेक्षा सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, मनोविकार विभागात केसपेपर काढावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आवश्यक यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळणं हा हक्क आहे.

महिन्याभरानं दोघं परत आले. झोप लागत होती, थरथर गेली होती. मामांनी नवी पट्टी स्वतःच पालथी करून चष्मा न लावता वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेवढ्यात वहिनींनी पर्समधून आपली बीपीची गोळी काढून माझ्यापुढं सरकवली. “माझ्या मागं काय लिवलंय, तेबी बघा की.”