कॅट घेऊ की डीप-व्ही?

प्रश्न: ४० फुटांच्या आसपासची ऑफशोअर परफॉर्मन्स बोट (खुल्या समुद्रात वेगात पळणारी) घ्यायचीय. डीलर म्हणतो कॅटामरानच (कॅट, म्हणजे दोन हलची बोट) घ्या, स्पीड जास्त. मला डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची एकाच हलची बोट) आवडते. काय करू?

उत्तर: स्पीडचं खरंय. दोन हलच्या (पाण्यात बसणाऱ्या सांगाड्यांच्या) मधल्या बोगद्यात हवा दाबली जाते, ती बोटीला वर उचलते, पाण्याचं घर्षण घटतं आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरमध्ये कॅट पुढे पळते. पण तुम्ही जाता तिथला समुद्र कसा असतो ते आधी बघा ना, समोरून उंच आणि जवळजवळच्या लाटा येत असतील तर बोगद्याच्या छतावर पाणी आपटतं आणि पाठीची वाट लागते, तिथे २४ अंशांच्या आसपास डेडराइज (तळाच्या व्हीचा तिरकेपणा) असलेली डीप-व्ही लाट कापत जाते. १९६० ची मायामी-नॅसॉ शर्यत खवळलेल्या समुद्रात 'मॉपी' या डीप-व्ही बोटीने जिंकली ती याच जोरावर, बोट डिझायनर रे हंटचं डिझाइन होतं ते.

स्टेप्ड हल (तळाला आडव्या पायऱ्या असलेला) असेल तर भर वेगात वळताना थ्रॉटल एकदम सोडू नका, मागची बाजू घसरून बोट गरकन फिरू शकते, हे मनापासून सांगतोय. माझं मत डीप-व्ही. आणि ट्रायल वाऱ्याच्या दिवशी, टाकी भरून, घरच्यांना बसवूनच घ्या.