क्वार्कपासून सुरुवात करणाऱ्याला
अरे, थेट थिअरीच्या जाड पुस्तकात घुसू नकोस, आधी एक आकडा नीट डोक्यात मुरव: प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेतलं एकक) आणि आतल्या तीन क्वार्कांचं, म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या मूलकणांचं, मिळून जेमतेम ९, मग बाकीचं येतं कुठून? ते जवळजवळ सगळं क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या स्ट्राँग फोर्सच्या एनर्जीतून, मला हे कळलं त्या रात्री झोपच लागली नाही. मग सर्नचा, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेचा, ओपन डेटा उतरवून घे, फुकट आहे, त्यातले विरुद्ध चार्जचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) असलेले इव्हेंट, म्हणजे कणांच्या टकरींच्या नोंदी, निवड, प्रत्येक जोडीचं इन्व्हेरियंट मास (दोघं एकाच कणातून आले असतील तर त्या कणाचं वस्तुमान, दोघांच्या ऊर्जा नि संवेगावरून निघणारं) काढ आणि हिस्टोग्राम लाव. ३.१ जीईव्हीपाशी (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) टोकदार सुळका वर येतो ना, तो जे-साय नावाचा कण, चार्म क्वार्क नि त्याच्या अँटीक्वार्कची जोडी, १९७४ मध्ये सापडलेली. हिस्टोग्रामचे रकाने, म्हणजे बिन, फार रुंद ठेवलेस तर सुळका चपटा होतो, तेवढं बघ. पायथॉन जमेल हळूहळू, अडलं की बिनधास्त विचार.