वाचकांचे प्रश्न : दादर ज्वारीची बिअर नको, आंबील करा

प्रश्न : आमच्या गावातलं दारूचं दुकान महिलांच्या मतदानानं बंद झालं. विकायची नाही, पण घरच्या सगळ्यांनी मिळून दादर ज्वारीची बिअर करून पाहावी असं मनात आहे. चालेल का? (चोपडा तालुका)

उत्तर : नाही चालणार. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरच्यापुरती केली म्हणून सूट मिळत नाही, आणि त्या हेतूनं ठेवलेली भांडी व कच्चा मालही कारवाईत येतो. गावात दुकान सुरू असतं तरी उत्तर हेच.

पण बिअरमधलं अर्धंअधिक कौशल्य यीस्ट घालण्याच्या आधीचं आहे : धान्याला मोड आणायचे आणि त्या मोडांच्या जोरावर पिठातल्या स्टार्चची साखर करायची. तिथवर शिका आणि पुढं ताकाचं विरजण लावून आंबील करा. बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) ज्वारी दिवसचे दिवस भिजत घालणाऱ्या घरांना हे जड नाही.

एक किलो दादर घ्या, पण पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं अजिबात नको. आधी 100 दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. 90 तरी उगवले पाहिजेत. 16 तास भिजवा, मध्ये दोनदा पाणी बदला. मग निथळून ओल्या गोणपाटावर सावलीत दोन बोटं जाडीचा थर पसरा. दिवसातून तीनदा पाणी शिंपडा आणि हात फिरवून दाणे खालीवर करा. तीनेक दिवसांत मोड दाण्याहून लांब होतात. तेव्हा दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळलेले मोड आणि मुळं हातानं चोळून, सुपात पाखडून पूर्ण काढा. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं रसायन असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते याच्यामुळंच. म्हणून हा कोंडा गुरांनाही घालू नका. मोड न काढता ज्वारी दळली, तर तो माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) टाकून द्या. स्वच्छ दाणे जाडसर दळून कोरड्या डब्यात भरा.

आंबिलासाठी 100 ग्रॅम साधं ज्वारीचं पीठ अर्धा लिटर पाण्यात 20 मिनिटं शिजवा. गॅस बंद करून लगेच अर्धा लिटर साधं पाणी ओता, म्हणजे तापमान 65 अंशांच्या आसपास येतं. त्यात 50 ग्रॅम माल्ट ढवळा, झाका आणि पातेलं घोंगडीत गुंडाळून तासभर ठेवा. घट्ट पेज पंधरा-वीस मिनिटांत पातळ आणि चवीला गोडसर झाली, तर साधलं. घट्टच राहिली तर माल्ट उकळत्या पिठात पडून त्यातली स्टार्चची साखर करणारी एन्झाइम मेली, किंवा मोडच कमी आले होते. पीठ आधी शिजवायचं कारण असं की ज्वारीचा स्टार्च बराच तापल्याशिवाय फुलत नाही, आणि तेवढ्या उष्णतेत माल्ट टिकत नाही. जवाचा स्टार्च कमी तापमानाला फुलतो, त्यामुळं तिथं ही कटकट नाही.

मग झाकण न ठेवता 15 मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा, कोमट झालं की दोन चमचे ताजं ताक घाला. उन्हाळ्यात सहा ते आठ तासांत आंबतं, थंडीत रात्रभर लागते. मीठ, जिरेपूड घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. बाटलीत घट्ट बूच लावून बाहेर ठेवू नका : हवेतलं यीस्ट उरलेल्या साखरेवर चढतं, मद्य आणि वायू दोन्ही होतात आणि काचेची बाटली फुटते.

प्रश्न : मोड येताना ज्वारी चिकट झाली, कुबट वास आला, काही दाणे काळे पडले. (साक्री)

उत्तर : थर जाड होता. उगवणारं धान्य स्वतःच तापतं. ढिगात हात घालून गरम लागलं की बुरशीला रान मोकळं. मे महिन्यात हे काम काढूच नका, फेब्रुवारी बरा. चिकटपणा बहुधा भिजवताना पाणी न बदलल्यानं येतो. ही ज्वारी धुऊन वापरायचा मोह नको : बुरशीचं विष धुण्यानं किंवा उकळण्यानं जात नाही. सगळी टाका, आणि गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवल्याशिवाय पुढची ज्वारी त्यावर पसरू नका.