वाळवंटातली हेरकथा लिहिणाऱ्या नव्या मित्रास

तुझं पहिलं प्रकरण शनिवारी बडोद्याच्या बैठकीत ऐकलं. भाषा छान आहे, पण गोळीबार फार लवकर सुरू होतो. आधी लपवाछपवी दाखव.

१९९८च्या पोखरण अणुचाचणीची तयारी नीट वाच. १९९५मध्ये अमेरिकी उपग्रहांनी हालचाल टिपली होती, म्हणून पुढच्या वेळी काम मुख्यतः रात्री चाललं. पहाटेपूर्वी अवजड यंत्रं जुन्याच जागी परत उभी राहत आणि उपसलेल्या वाळूला वाऱ्याच्या दिशेने टेकडीसारखा आकार देत. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. कलामांना मेजर जनरल पृथ्वीराज हे नाव मिळालं होतं. मला यात कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त थरार वाटतो.

आणि कच्छचं रण म्हणजे थरचं वाळवंट नव्हे, तिथे मीठ आणि चिखल. तुझा नायक तिथे वाळूच्या टेकडीआड लपतो, ते बदलच.

खरा प्रश्न तुझ्या कर्नलचा. मोहिमेसाठी वरून आलेलं कारण एक आणि त्याचं स्वतःचं दुसरं, असं हवं ना? मग ते दुसरं कारण तू आधी कागदावर लिही, वाचकाला मात्र दहाव्या प्रकरणापर्यंत सांगू नकोस. तोवर त्याच्या प्रत्येक हुकमाला दोन्ही अर्थ लागले पाहिजेत.