लेक म्हणते, बाहुल्यांचंच काम करायचं

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक बारावीला, कला शाखेत. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घरी चार एकरांत कपाशी आणि तूर, तुम्ही स्वतः अंगणवाडी सेविका. टीव्हीवर एका बाहुलीकाराच्या आयुष्यावरचा माहितीपट लागला, तो तिनं पाहिला आणि तेव्हापासून घरभर चिंध्या, कापूस आणि पऱ्हाट्यांच्या काड्यांचा पसारा आहे. "बाप म्हणते, बाहुल्या खेळाचं वय गेलं आता. या कामात पोट भरते काय, तेवढं खरं सांगा," असं तुम्ही लिहिलंत.

भरतं. पण माहितीपट पाहून वाटतं तसं नाही भरत. तासाभरात एका माणसाची चाळीस वर्षं दाखवायची म्हटलं की रंगमंच, पुरस्कार, परदेशातले प्रयोग येतात. सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत घरात किराणा कुठल्या पैशातून येत होता, हे बहुतेक वेळा राहून जातं. तुमच्या लेकीचा प्रश्न नेमका त्याच वर्षांचा आहे, म्हणून मी त्यांच्याबद्दलच लिहितो.

आपल्याकडची माणसं बघा. रामदास पाध्ये सगळ्यांना ठाऊक आहेत. अर्धवटराव त्यांच्या वडिलांनी १९१६ मध्ये जन्माला घातला, तात्या विंचू रामदासजींनी स्वतः घडवला. पण ते शिकले मेकॅनिकल इंजिनिअरिंग. त्यांचा मुलगा सत्यजित आज बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग करतो, तो चार्टर्ड अकाउंटंट आहे. पुण्यात जन्मलेले दादी पदमजी अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले, पुढे स्वीडनला जाऊन बाहुलीनाट्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९८६ मध्ये दिल्लीत 'इशारा' ही संस्था उभी केली. या सगळ्यांच्या हाताशी बाहुलीखेरीज आणखी एक विद्या होती. तिनं त्यांची बाहुली अडवली नाही, उलट सांभाळली. रामदासजींच्या बाहुल्यांचे डोळे-जबडे हलवणारी यंत्रणा पाहिली की इंजिनिअरिंग कुठे कामी आलं ते कळतं.

परंपरेतलं उदाहरण हवं असेल तर सिंधुदुर्गातलं पिंगुळी. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. खेळ, संग्रहालय, शिकायला येणारी मंडळी, असं सगळं मिळून त्यांचं काम उभं राहिलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण गोठा त्याच्या पंधरा वर्षं आधी झाडून झाला होता. तुमच्या यजमानांना ही गोष्ट आवर्जून सांगा, शेतकरी माणसाला ती लवकर पटेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येतो. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला मात्र सगळ्या पत्रात तीच सर्वात मोलाची वाटली. अंगणवाडीत एक पोरगं कोणाशीच बोलत नव्हतं. तुमच्या लेकीनं मोज्याची हातबाहुली करून नेली, तर ते तिच्याशी बोललं, बाहुलीला स्वतःचं नावही सांगितलं. ताई, बाहुलीकाराचं खरं काम हेच आहे. चेहरा सुबक शिवणारे पुष्कळ सापडतात. समोरच्या लेकराला बाहुली जिवंत वाटावी म्हणून स्वतः मागे सरणं फार थोड्यांना जमतं, आणि ते शिकवायला फार अवघड.

म्हणून तिला एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: तिचा जीव कशात जास्त रमतो, बाहुली घडवण्यात की खेळवण्यात? पत्रावरून वाटतं की रात्री ती घडवण्यात रमते, पण दिवसा, माणसांसमोर, खेळवण्यात खुलते. दोन्ही असेल तर उत्तमच. पण पुढचं शिक्षण या उत्तरावर ठरेल.

घडवणं पुढे असेल तर माझी पहिली पसंती नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाला. बीएफए, म्हणजे चित्र-शिल्पासारख्या कलांची पदवी, चार वर्षं. त्यासाठी राज्याची कला सीईटी द्यावी लागते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञानाचा पेपर. स्मरणचित्राचा सराव गावात बसून होतो. आठवडी बाजार, कापूस वेचणाऱ्या बाया, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं, रोज एक विषय घेऊन कागदावर उतरवायचा. रंग, मापं, साचे, कागदाचा लगदा, लाकूड यांची समज पक्की झाली की ती बाहुलीच्या जोडीला नेपथ्य, मुखवटे, देखावे, पुस्तकांची चित्रं यांतूनही कमावू शकेल.

खेळवणं पुढे असेल तर शिक्षणशास्त्राकडे किंवा बालशिक्षणाकडे वळावं. शिक्षकी अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीची माहिती कॉलेजातच जाऊन घ्या, शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. बाहुली हाताळता येणाऱ्या शिक्षिकेची किंमत शाळांना कळू लागली आहे. दिल्लीचं सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, शिक्षकांसाठी 'शिक्षणात बाहुल्यांचा उपयोग' या विषयावर प्रशिक्षण घेतं. म्हणजे नोकरीही आहे आणि बाहुलीही.

बारावी अर्धवट टाकून मुंबईला जाण्याचा विषय निघाला असेल, तर त्याला माझा स्पष्ट नकार आहे. भरमसाट फी घेऊन 'कलाकार' करून देणाऱ्या क्लासलाही. सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते, त्यात बाहुलीकलाही येते. पण आधी गुरूकडे काही वर्षं शिकलेलं असावं लागतं. म्हणून गुरू शोधणं आत्ताच सुरू करावं. बारावीनंतरच्या सुट्टीत पिंगुळीला जाऊन यावं, तिथे शिकायला राहता येईल का ते आधी फोनवर विचारून.

एक गोष्ट माझ्या मनातली. विदर्भात काय आहे, असं लेकीला वाटत असेल. पूर्वेकडे झाडीपट्टी, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडचा जंगलपट्टा आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात आणि माणसं तिकीट काढून बघतात. शेतातून आलेला प्रेक्षक पैसे मोजून नाटकाला बसतो, ही केवढी मोठी गोष्ट! परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नागपुरात मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायची भली मोठी आकृती निघते, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. इतक्या मोठ्या आकृती उभ्या करणारे हात आपल्याच भागात आहेत. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, आणि भुलाबाईची गाणी तर तुमच्या लेकीला पाठच असतील. बाहुल्यांचा खेळ इथे नवा असेल, पण तो समजून घेणारा प्रेक्षक नवा नाही. वऱ्हाडी बोलणारी बाहुली घेऊन कोणी झाडीपट्टीत उतरलं तर मला फार आनंद होईल.

कमाईचं म्हणाल तर ती एका वाटेनं येत नाही. शाळांतले प्रयोग, शिक्षकांच्या कार्यशाळा, बाहुल्यांच्या ऑर्डरी, कधी सरकारी योजनांच्या प्रचाराचं काम. या शेवटच्या कामासाठी जिल्हा माहिती कार्यालय लोककला पथकांची निवड करतं, त्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. पावसाळ्यात हात रिकामे राहतात आणि सरकारी पैसा उशिरा येतो. कपाशीच्या घराला हे नवं नाही, तरी हिशेबाची वही पहिल्या प्रयोगापासून तिच्याच हातात द्या.

या दिवाळीच्या सुट्टीत तिला दहा मिनिटांचा एक खेळ बसवू द्या. गोष्ट तिची, आवाज तिचा. तुमच्या अंगणवाडीत एकदा आणि शेजारच्या गावच्या शाळेत एकदा करावा, कारण अनोळखी मुलं कंटाळली की सरळ उठून जातात आणि ते तिनं पाहायला हवं. यजमानांना त्या दुसऱ्या खेळाला मागच्या रांगेत बसवा. नंतर बाहुल्या पेटीत ठेवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत अभ्यास. हे तिला मी सांगितलंय म्हणून सांगा.

कला सीईटीची नोंदणी साधारण जानेवारीच्या सुमारास सुरू होते. यंदाच्या तारखा राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहा. राज्यात २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. बीएफएला ती कशी लागू होते ते नागपूरच्या कॉलेजात विचारा, इतर शिष्यवृत्त्या महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर बघा. उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासी दाखला मात्र आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, जूनमध्ये तिथे रांगा लागतात.