क्लासची फी एक लाख, खरा खर्च साडेतीन लाखांच्या वर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की बीई मेकॅनिकल 2022, घर सांगलीला, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला 19 हजार हातात, आणि आता नोकरी सोडून पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅक जावाचा, म्हणजे सॉफ्टवेअर प्रोग्रामिंगचा कोर्स करायचा, फी 85 हजार. क्लासवाले म्हणतात नो कॉस्ट ईएमआय करून देतो, बाबा म्हणतात एफडी मोडू. घ्यावा का?

आधी फी नीट लिहून घे. 85 हजारांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 15,300, झाले 1,00,300. इथवर सगळेच हिशोब करतात आणि इथेच थांबतात. पण कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी जॉइनिंग नसतं रे, इंटरव्ह्यू देत फिरायला चार महिने धर, म्हणजे एकूण दहा महिने पगार नाही. ते 1 लाख 90 हजार गेले. पुण्यात कॉट बेसिस रूम, मेस, बस, मोबाईल मिळून महिना 12 हजार धरले तर 1 लाख 20 हजार. घरी तुझे महिन्याला पाचेक हजार जातात ते वाचतील, ते 50 हजार वजा कर. टोटल 3 लाख 60 हजार! यात फी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, खरी महाग गोष्ट आहे नोकरी सोडणं.

आता मिळणार काय ते बघू. फ्रेशरला 3.36 लाखाचं पॅकेज मिळालं, जे आयटी सर्व्हिस कंपन्यांत वर्षानुवर्षं चालत आलंय, तर हातात येतील 24 हजारांच्या आसपास, त्यातून पुण्याचे 12 गेले की उरले 12. आज सांगलीत तुझे 14 उरतात. म्हणजे नोकरी लागूनसुद्धा सुरुवातीला तू महिना दोन हजारांनी मागेच. खरा फायदा दुसऱ्या नोकरीत. समजा पहिली नोकरी लागल्यावर दीड वर्षाने सहा लाखांवर स्विच मारला, हातात 45, खर्च वाढून 14, उरले 31. इकडे कुपवाडला तोवर पगार वाढून 17 उरत असते. फरक 14 हजार. या फरकातून आधीचा सगळा खड्डा (3 लाख 60 हजार आणि त्या दीड वर्षातले 36 हजार) भरायला 28 महिने लागतात, म्हणजे आजपासून मोजलं तर पावणेपाच वर्षं. वाईट सौदा नाही हा, तू पंचविशीत आहेस, पुढे तीस वर्षं कमवायचंय. पण हे सगळं पहिली नोकरी लागली तर, आणि 2022 पासआऊट मेकॅनिकलला ती सहज लागेल असं मी धरणार नाही, बऱ्याच ऑफ कॅम्पस ड्राइव्हमध्ये (कॉलेजबाहेरच्या भरतीत) पासिंग इयरची अट असते आणि तिथे सर्टिफिकेट कुणी बघतही नाही, समोर बसवून कोड लिहायला लावतात.

म्हणून माझं मत, आत्ता राजीनामा देऊ नको. आधी नोकरी सांभाळून चार-पाच महिने स्वतःला तपास. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा जावाचा 12 आठवड्यांचा कोर्स आहे, शिकायला फुकट, परीक्षा दिली तरच हजार रुपये. हार्वर्डचा सीएस50 हा प्रोग्रामिंगची सुरुवात करून देणारा ऑनलाइन कोर्स पण फुकट. शिफ्टवरून आल्यावर रोज दीड तास बसवतंय का, एरर आला की डोकं फिरतं की मजा येते, हे हजार रुपयांत कळतंय तर त्यासाठी साडेतीन लाख कशाला? जमतंय असं वाटलं तर सी-डॅक या सरकारी संस्थेची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा दे. तिथल्या डॅक या सॉफ्टवेअर कोर्सची फी पण 90 हजार अधिक जीएसटी, म्हणजे फार स्वस्त नाही, पण तिथे प्रवेश परीक्षा देऊन मुलं येतात म्हणून कंपन्या येतात. मार्कांची अट तेवढी बघून घे. (आणि एक, तुझ्याच लाइनमध्ये इन्स्पेक्शनचा डेटा पायथनने हाताळणारा माणूस शॉपफ्लोअरवर दुर्मिळ आहे, हा रस्ता कुणी सांगत नाही कारण त्यात कुणाची फी नाही.)

तरी हाच क्लास करायचा असेल तर काउन्सेलरला विचार, रोख भरले तर किती कमी कराल? जेवढे कमी करेल तेवढं त्या नो कॉस्टमधलं व्याज. ते कर्ज फायनान्स कंपनीचं, तुझ्या नावावर, पैसे क्लासला आधीच मिळालेले असतात, तू मध्येच सोडलंस किंवा क्लासने शटर ओढलं तरी हप्ता चालू, चुकला की सिबिल खराब. सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या अटींचा कागद) मागून त्यात एपीआर, म्हणजे सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा व्याजदर बघ. अॅग्रीमेंटमध्ये 'प्लेसमेंट गॅरंटी' आहे की 'असिस्टन्स' तेही वाच. मागच्या बॅचच्या तीन-चार मुलांचे नंबर घे, आणि ते क्लासने निवडलेले नसावेत, लिंक्डइनवर तूच शोध.

टॅक्स बेनिफिट मिळेल म्हणत असतील तर सोडून दे, 19 हजार पगारावर तुला टॅक्सच बसत नाही.

बाबांची एफडी मोडायची नाही. पैसे लागलेच तर तिच्यावर बँकेतून लोन मिळतं, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, मोडल्याचा दंडही वाचतो. आणि 'ऑफर उद्यापर्यंतच' म्हणून फोन येत असतील तर येऊ देत, पुढच्या बॅचलाही तीच ऑफर असते.